दव जमू नये, ही विनंती

घरात नवे यंत्र आले की मी आधी त्याच्या पुस्तिकेची शेवटची पाने उघडतो. तिथे बारीक टायपात एक अट हमखास असते : सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांपर्यंत, दव जमू नये. ही अट घालणाऱ्या सज्जनाने जुलैतली वैभववाडी पाहिलेली नाही. आमचा तालुका सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. समुद्रावरून आलेले ढग करूळ आणि भुईबावडा घाटांपाशी अडतात, चढण लागायच्या आधी निम्मे ओझे आमच्यावर उतरवतात आणि उरलेले गगनबावड्यावर. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर उतरली, तर तो आमच्याकडे कोरडा दिवस. त्या दिवशी गोधड्या बाहेर काढतात.

हिशेब सोपा आहे. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तापमान २७ अंश, आर्द्रता ९५ टक्के. तेवढ्या हवेत सुमारे सातशे ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने तरंगत असते. म्हणजे पाऊण लिटरला थोडे कमी पाणी डोळ्यांसमोर टांगून आपण बातम्या पाहतो, आणि बातमी असते कोकणात अतिवृष्टीची. अशा हवेत एखादी वस्तू अंश-दोन अंशांनी गार असली, तरी तिच्यावर थेंब धरतात. लादीला पाझर फुटतो तो त्यामुळेच. लादी फडक्याने पुसता येते, टीव्हीच्या आतला बोर्ड पुसायला कोण जाणार? त्यात नुसत्या पाण्याने फारसे बिघडत नाही. बोर्डावर आधीपासून धूळ, चुलीचा धूर, अगरबत्तीची राख आणि पालींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले योगदान असते. हे सगळे त्या थेंबात विरघळले, की वीज नेमून दिलेली वाट सोडून भलतीकडे जाते.

जुन्या, मागे पोट असलेल्या रंगीत टीव्हीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असायचा. श्रावणात बटण दाबले की आतून चर्र चर्र आवाज येई आणि चित्र उगवायला वेळ लागे. काकीने त्याचे निदान केव्हाच करून टाकले होते : ‘‘तेका सर्दी झाली हा. तेका ऊब होयी.’’ यावर घरातले शिकलेले लोक हसले. पण उपाय अचूक होता. हवा थोडी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि गार पृष्ठभागच न उरल्याने दव धरत नाही. म्हणून तर आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात साठचा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती. काकीने तोच न्याय टीव्हीच्या कपाटाला लावला. पुढे विजेची बचत म्हणून त्या बल्बच्या जागी एलईडी आला. तेव्हापासून बुरशीला स्वच्छ उजेड मिळतो.

या सगळ्या गोतावळ्यात प्रामाणिक असे एकच यंत्र मी पाहिले : व्हीसीआर. गणपतीत तो भाड्याने आणायचा, माजघर भरून माणसे बसायची, आणि काही यंत्रांच्या पट्टीवर ‘ड्यू’ अशी अक्षरे उमटायची. आतल्या फिरत्या ढोलावर ओल असली तर टेप त्याला चिकटून फाटते, म्हणून आत दव ओळखणारा तुकडाच बसवलेला असे. ओल सुकेपर्यंत यंत्र ढिम्म हलायचे नाही. मंडळी आरत्या आटोपून घेत. हल्लीची यंत्रे इतकी सरळ नाहीत. ती आधी मुकाट्याने चालतात आणि हमीची मुदत संपली की जातात.

दुरुस्तीची कथा वेगळीच. आमचा टीव्ही एकदा घाट चढवून कोल्हापूरला नेला. गगनबावड्यापर्यंत मुसळधार, मग हळूहळू पाऊस विरळ, आणि कोल्हापुरात पोचेपर्यंत चक्क ऊन. कारागिराने प्लग लावला, टीव्ही झळाळला. ‘‘मस्त चाललाय की! काय झालंय याला?’’ काय सांगणार? त्याला हवापालट मानवला होता. घाट उतरून घरी आणला, पडवीत ठेवला, आणि रात्री तो पुन्हा आमचा झाला.

मोबाइलवरचा लोकप्रिय उपाय म्हणजे तांदळाचा डबा. अहो, जुलैत आमच्या तांदळालाच कोणी कोरडे करील का, याची आम्ही वाट पाहत असतो! तिथे बिचाऱ्या मोबाइलची ओल तो कशी शोषणार? उलट चार्जिंगच्या भोकात कोंडा जातो आणि डब्यातले टोके नव्या जागेची पाहणी करून येतात. अॅपल कंपनीनेही २०२४ मध्ये ओला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन इजा करतील, असे सांगितले. कंपनीला टोके ठाऊक नसावेत.

मुंबईचा चाकरमानी वैभववाडी रोड स्थानकावर वातानुकूलित डब्यातून उतरतो, तेव्हा आधी त्याचा चष्मा पांढरा होतो, मग कॅमेऱ्याची काच. ‘‘गावाक धुकां किती पडला!’’ म्हणत तो फोटो काढतो. धुके गावात नसते, भिंगावर असते. गार कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून हवेइतका गरम होऊ दिला, की पिशवीबाहेर दव धरते, कॅमेऱ्यावर नाही.

यंत्रे पावसापेक्षा आपल्या ‘चालू करून तर बघूया’ने जास्त मरतात. ओल आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या रेषा हिरव्या पडून झिजतात. बंद यंत्रातली ओल त्या मानाने निरुपद्रवी. तेव्हा जून ते सप्टेंबर टीव्ही, मिक्सर रोज थोडा वेळ वापरात ठेवा, म्हणजे आतून ऊब राहील. लाईट गेली की प्लग काढा आणि आल्यावर लगेच झडप घालू नका. आत ओल दिसली तर दिवसभर पंख्याखाली ठेवा आणि बटणाकडे जाणारा हात आवरा. तांदूळ मात्र पेजेला ठेवा.