डासाला व्हिसा लागत नाही

युरोपच्या हवेचा, पाण्याचा आणि मातीचा हिशेब कोपनहेगनमध्ये ठेवला जातो. युरोपीय पर्यावरण संस्थेचं मुख्यालय तिथे आहे. या संस्थेनं 2010 साली आणि पुन्हा 2015 साली एक यादी केली. युरोपच्या निसर्गाचं पुढे काय होणार, हे ठरवणारे जगातले अकरा मोठे प्रवाह. लोकसंख्या, शहरं, रोगराई, तंत्रज्ञान, आर्थिक वाढ, सत्तेची सरकती केंद्रं, कच्च्या मालासाठी ओढाताण, निसर्गावरचा भार, हवामान, प्रदूषण आणि कारभाराच्या बदलत्या पद्धती.

यादी नीट वाचा. यातला एकही प्रवाह ब्रुसेल्सच्या ठरावानं थांबणारा नाही.

मग युरोपचं पर्यावरण ठरवतं कोण?

बरंचसं, बाकीचं जग.

आकडे साधे आहेत. 1950 साली जगात सुमारे 250 कोटी माणसं होती. नोव्हेंबर 2022 मध्ये 800 कोटी झाली. त्यातली युरोपीय संघात 45 कोटी. अठरा माणसांत एक. संघाच्या हद्दीतून सुटणारे हरितगृह वायू जगाच्या सुमारे 6 टक्के. 1990 पासून संघानं आपलं उत्सर्जन एक तृतीयांशाहून जास्त घटवलं. ही कमाई खरी आहे, तिची टिंगल करू नये. पण उरलेले 94 टक्के इतरांच्या हातात आहेत. आणि ऊन काही टक्केवारी बघून पडत नाही.

पडतंय किती? 1980 च्या दशकापासून युरोप जगाच्या सरासरीच्या दुप्पट वेगानं तापतो आहे. 11 ऑगस्ट 2021 रोजी सिसिली बेटावर 48.8 अंश नोंदले गेले. पुढच्याच वर्षी जुलैत इंग्लंडमध्ये पारा 40 च्या पुढे गेला. चंद्रपूर-अकोल्याच्या वाचकाला 40 अंशांचं काय एवढं, असं वाटेल. पण तिथली घरं थंडीसाठी बांधलेली आहेत. आत आलेली उष्णता ती बाहेर जाऊ देत नाहीत.

2003 च्या उन्हाळ्यात युरोपात नेहमीपेक्षा 70 हजारांहून अधिक मृत्यू जास्त झाले. 2022 च्या उन्हाळ्यात उष्णतेनं दगावलेल्यांचा संशोधकांचा अंदाज 61 हजारांच्या वर. मधल्या 19 वर्षांत इशारे देणाऱ्या यंत्रणा आल्या, आराखडे झाले. सोबत म्हातारपणही वाढलं.

पैसा होता. मरण थांबलं नाही.

आता पाणी बघा. जर्मनीतली रसायनं, कोळसा, तेल, धान्य यांतला मोठा वाटा ऱ्हाइन नदीवरून बार्जमधून जातो. ऑक्टोबर 2018 मध्ये काउब इथल्या मोजपट्टीवर पाणी 25 सेंटिमीटरवर आलं. बार्ज जवळजवळ रिकाम्या धावू लागल्या. ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा तीच गत. आणि या दोन टंचाईंच्या मध्ये, जुलै 2021 मध्ये, ऱ्हाइनला मिळणाऱ्या आर नदीच्या खोऱ्यासह पश्चिम जर्मनीत महापूर आला. जर्मनीत 180 हून अधिक माणसं गेली.

एकाच पाणलोटात टंचाई आणि महापूर. हे दुखणं आपल्याला नवं आहे का?

ऱ्हाइन जिथे उगम पावते त्या आल्प्सकडे वर बघा. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपला दहावा हिस्सा गमावला. मे 2025 मध्ये डोंगराचा कडा ढासळला, त्याखालची हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन हे गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं. लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून मोठी जीवितहानी टळली. माणसं वाचली, गाव गेलं.

हवामानाचं झालं. व्यापाराचं काय?

व्यापारातून काय येतं, ते इटलीला विचारा. 1990 साली जेनोव्हात एशियन टायगर डास सापडला. आला कसा? जुन्या टायरांतून. टायरमध्ये पाणी साचतं, डास अंडी घालतो, पाणी आटलं तरी अंडी तग धरतात, आणि टायर जहाजात चढतो. बंदरावर माणसाचा पासपोर्ट तपासतात. टायर कोण उपडा करून बघतो?

पुढचा धडा 2007 चा. रावेन्ना प्रांतातल्या कास्तिग्लियोने दी चेर्व्हिया या गावात चिकुनगुनिया पसरला. त्या साथीत दोनशेहून अधिक रुग्ण. पहिला धागा सापडला केरळहून आलेल्या एका पाहुण्यापाशी. 2006 साली महाराष्ट्राच्या गावागावांत सांधे धरून बसलेली माणसं ज्यांना आठवतात, त्यांना हा ताप ओळखीचा वाटेल. आपल्याकडच्या तापानं वर्षभरात इटलीचं खेडं गाठलं. पण दोष त्या पाहुण्याचा नव्हता. डास इटलीत 17 वर्षं आधीपासून तयार होता.

आज फ्रान्समध्ये दर उन्हाळ्यात डेंग्यूचे असे रुग्ण सापडतात, ज्यांनी देशाबाहेर पाऊलही टाकलेलं नसतं.

झाडांचीही तीच कथा. इटलीच्या टाचेला, पुलिया प्रांतात, ऑलिव्हची झाडं वाळू लागली आणि 2013 साली त्याचं कारण सापडलं. झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू. त्याचा माग मध्य अमेरिकेतून आलेल्या कॉफीच्या शोभेच्या रोपांपर्यंत जातो. शतकानुशतकं उभी असलेली झाडं, पिढ्यांची मिळकत, लाखोंच्या संख्येनं गेली. कुंडी स्वस्त मिळाली. बिल शेतकऱ्यानं भरलं.

हे सगळं बाहेरून आलं, असं युरोपातले पुढारी सांगतात तेव्हा अर्धंच सांगतात.

बोलावलं कोणी?

नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकांचा चिमुकला देश. कोंबड्या, डुकरं, गाईगुरं मिळून माणसांच्या कितीतरी पट. एवढ्या तोंडांना चारा कुठला? त्यातलं पुष्कळ सोयाबीन येतं ब्राझील-अर्जेंटिनातून, रॉटरडॅम बंदरातून. मांस, चीज, अंडी निर्यात होतात. शेणमूत मात्र मागे राहतं. त्यातला अमोनिया माळरानांवर आणि पाणथळींवर उतरतो. मे 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नायट्रोजनचे परवाने देण्याची पद्धतच रद्द ठरवली आणि घरबांधणीपासून रस्त्यांपर्यंत हजारो कामं अडली. ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर धडकले. मार्च 2023 च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला.

जंगल तुटलं ब्राझीलमध्ये. सरकार हादरलं हेगमध्ये.

तुटलेल्या जंगलाचा हिशेबही झालेला आहे. 2017 साली आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी जी उष्णकटिबंधातली जंगलं तुटली, त्यातला 16 टक्के वाटा युरोपीय संघाच्या खरेदीचा होता, असं डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गरक्षक संस्थेनं मांडलं. चीनच्या खालोखाल. हे ध्यानात घेऊन संघानं 2023 मध्ये कायदा केला: जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन, कोको, कॉफी, पामतेल, रबर, लाकूड, गोमांस आमच्या बाजारात नको. कायदा चांगला. अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलली. मग पुन्हा पुढे.

करवत तारखेची वाट बघत नाही.

कचऱ्याचं बघा. वर्षानुवर्षं युरोपचं टाकाऊ प्लास्टिक चीनला जात होतं आणि कागदोपत्री 'पुनर्वापर' म्हणून मोजलं जात होतं. 2018 च्या जानेवारीत चीननं दार लावलं. प्लास्टिक वळलं मलेशियाकडे, तुर्कस्तानकडे. तिथल्या अदाना शहराच्या रस्त्याकडेला युरोपातल्या सुपरमार्केटांची वेष्टनं जळताना सापडली. विकसित देशांच्या गटाबाहेर प्लास्टिक कचरा पाठवायला बंदी घालणारा नियम संघानं 2024 मध्ये केला, तो लागू व्हायचा 2026 च्या नोव्हेंबरात. स्वतःचा कचरा स्वतः निस्तरायचा, हे इतक्या उशिरा सुचावं?

हरित म्हणवणारे उद्योगही याला अपवाद नाहीत. विजेवरच्या गाड्यांना लिथियम लागतं. ते सर्बियाच्या यादार खोऱ्यात आहे. तिथल्या शेतकऱ्यांना खाण नको आहे, कारण पाणी जाईल. आंदोलनानंतर जानेवारी 2022 मध्ये सरकारनं परवाने रद्द केले. जुलै 2024 मध्ये संघानं सर्बियाशी कच्च्या मालाचा करार केला आणि ऑगस्टात बेलग्रेडच्या रस्त्यावर हजारो माणसं उतरली. बर्लिनची हवा स्वच्छ व्हायलाच हवी. त्यासाठी यादारच्या विहिरी का नासाव्यात, याचं उत्तर कोणी देत नाही.

आणि हवेचा आग्रह तरी कुठवर धरणार? युरोपनं आपल्या गाड्यांचा, कारखान्यांचा धूर खूप कमी केला. जमिनीलगतचा ओझोन मात्र त्या प्रमाणात उतरला नाही. एक कारण म्हणजे आशिया आणि उत्तर अमेरिकेतून वाहत येणारं प्रदूषण, दुसरं जगभर वाढणारा मिथेन. वाऱ्याला जकात नाका नसतो.

आता आपल्या अंगणात येऊ. कारण धागा थेट इथवर आला आहे.

2017 सालचं यवतमाळ. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात गेले. त्या हंगामात फवारलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉन होतं. स्वित्झर्लंडच्या शेतात ते चालत नाही. तिथून त्याची निर्यात मात्र चालत होती. ती 2021 पासून बंद झाली. यवतमाळच्या त्या घरांसाठी फार उशिरा.

संघाचं काय? 2018 या एकाच वर्षात, स्वतःच्या शेतात बंदी असलेली 81 हजार टनांहून अधिक कीटकनाशकं बाहेर पाठवायला युरोपीय देशांनी मंजुरी दिली, हे 'पब्लिक आय' आणि 'अनअर्थ्ड' या शोध घेणाऱ्या संस्थांनी सरकारी कागदांतून उघडकीस आणलं. 2020 मध्ये युरोपीय आयोगानं अशी निर्यात थांबवण्याचा शब्द दिला. फ्रान्स आणि बेल्जियमनं आपापले कायदे केले. संपूर्ण संघाचा कायदा अजून नाही.

शब्द दिला. कारखाना चालू राहिला.

आणि हाच बाजार आपल्या मालाकडे कसा बघतो? 2010 साली नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड म्हणजे सीसीसीचा अंश मर्यादेबाहेर सापडला आणि कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. बागायतदार कर्जात गेले. तपासणी करण्याचा त्यांना हक्क आहे, विषाचा अंश कोणाच्याच ताटात नको. पण ताटाचा नियम कडक आणि फवारणाऱ्या हातांचा नियम ढिला, हे कोणत्या न्यायात बसतं?

कार्बन कराचंही तसंच. 1 जानेवारी 2026 पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं युरोपात न्यायची तर ती बनवताना सुटलेल्या कार्बनचे पैसे मोजायचे. कल्पना चुकीची नाही. धूर कुठेही निघाला तरी तो मोजला पाहिजे. पण अठराव्या शतकापासून कोळसा जाळून उभ्या राहिलेल्या बाजारानं हा पैसा घ्यायचा आणि त्यातला ठरावीक वाटा गरीब देशांची धुराडी बदलायला राखून ठेवायचा नाही?

वसुली आहे, वाटणी नाही.

इथे आपल्याकडचे काही जण टाळ्या वाजवतात. भोगा म्हणावं गोऱ्यांना आता. हा आनंद खुळा आहे. व्हॅलेन्सियात ऑक्टोबर 2024 च्या एका दिवसाच्या पावसानं दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यात कुठल्या साम्राज्याचे मालक नव्हते, गाडी काढायला तळघरात उतरलेली साधी माणसं होती. शिवाय ॲमस्टरडॅम, म्युनिक, लंडनमध्ये आज आपलीच पोरं नोकरी-संसार करताहेत. उन्हाचा झटका बसताना तो पत्ता विचारत नाही.

आणि आपलं घर तरी सरळ आहे का? केंद्र सरकारनं 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यातली बहुतेक पुढे बंदीतून सुटली. युरोपनं विकलं हे खरं. परवाना दिल्लीनं दिला, हेही खरं.

तेव्हा निकाल सरळ लावू. युरोप आपल्या हद्दीतला धूर मोजून स्वतःला स्वच्छ म्हणवतो, तो हिशेब अपुरा आहे. जे विकत घेता, जे टाकून देता आणि जे दुसऱ्याला विकता, ते तिन्ही मोजा. ब्राझीलचं जंगल, अदानाचा रस्ता आणि यवतमाळचं शेत त्याच ताळेबंदात आलं पाहिजे. ते येत नाही तोवर कोपनहेगनच्या याद्या वाढतील आणि आल्प्सचा बर्फ घटेल.

आणि आपल्यासाठी काम एकच, पण आजचं. बनवणाऱ्या देशाच्या शेतात जे औषध चालत नाही, ते आपल्या शेतात चालणार नाही, असा कायदा दिल्लीत झाला पाहिजे. पुढच्या वेळी तुमचा खासदार मत मागायला दारात येईल, तेव्हा या कायद्याचं काय झालं, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याला पुढच्या घरी जाऊ देऊ नका.