मालकही मीच, नोकरही मीच

नोकरी सोडून घरबसल्या लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुठला, असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगतो, ‘डोक्यावर साहेब नाही!’ ही ऐट फार तर सकाळी अकरापर्यंत टिकते. मग लक्षात येतं की साहेब नसला की साहेबाची कामंही आपल्याच गळ्यात पडतात. मी रात्री साहेब असतो आणि सकाळी नोकर. रात्रीचा साहेब भलताच तडफदार. जेवण झाल्यावर टेबलाशी बसून, पेनाचं टोपण लावत-काढत, उद्या पहाटे पाचला उठून हजार शब्द, आंघोळीनंतर अनुवादाची दहा पानं, दुपारी थकलेली बिलं, संध्याकाळी नव्या संपादकांना पत्रं आणि झोपण्यापूर्वी कादंबरीचं एक प्रकरण, असा फर्मास आराखडा तो आखतो, त्याखाली दोन रेघा ओढतो आणि समाधानाने झोपी जातो. सकाळचा नोकर साडेआठला उठतो, तो कागद वाचतो आणि ‘यांना लिहायला काय जातंय’ असं पुटपुटत चहा मागतो. त्याला मेमो द्यावा, तर साहेबही नुकताच उठलेला असतो.

तरी मी निराश होत नाही, कारण नव्याने सुरुवात करायची सोय आपल्या पूर्वजांनी भरपूर करून ठेवली आहे. एक जानेवारी हुकली तर संक्रांत आहे, ती तिळगुळात गेली तर गुढीपाडवा, पाडव्याचं श्रीखंड डोळ्यांवर आलं तर अक्षय्य तृतीया, आर्थिक शिस्तीचा झटका आला तर एक एप्रिल, आणि हे वर्ष गेलंच म्हणायची वेळ आली तर दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी पूर्ण तीन मी आखणीत घालवतो. उरलेल्या अर्ध्यावर कामाला लागतो.

आखणीची सुरुवात माझ्याकडे खरेदीने होते. अप्पा बळवंत चौकात जाऊन मी एक जाडजूड डायरी, चार रंगांचे हायलायटर, चिकट चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि पंचिंग मशीन आणतो. पंचिंग मशीन कशाला, हा बायकोचा प्रश्न रास्त असतो. पण भोकं पाडलेल्या कागदावर जास्त चांगलं लिहिलं जातं अशी माझी श्रद्धा आहे. मग त्या डायरीत ध्येयं लिहायची. ध्येयं कशी असावीत, हे जॉर्ज डोरान नावाच्या गृहस्थांनी १९८१ साली व्यवस्थापनाच्या एका मासिकात सांगून ठेवलं आहे. ती नेमकी हवीत, मोजता येतील अशी हवीत, आवाक्यातली हवीत, त्यांना मुदत हवी आणि ती कुणावर तरी सोपवलेली हवीत. ही शेवटची अट मला फारच पटली. मी लगेच घरात माणूस शोधायला निघालो. मुलगी म्हणाली, “बाबा, माझी परीक्षा आहे.” आई म्हणाली, “अरे, मला आता सुईत दोरा ओवता येत नाही, तुझी कादंबरी कुठून लिहू?” बायको काही बोलली नाही, नुसतं पाहिलं. ध्येय आल्या पावली माझ्याकडे परत आलं.

मग म्हटलं, थोरामोठ्यांचे कित्ते गिरवू. अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. ब्रिटिशांना रस्त्यावरच्या टपालपेटीची ओळख १८५२ साली चॅनेल बेटांवर याच माणसाच्या सूचनेवरून झाली. हा गडी पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा, मग जाऊन सरकारची चाकरी करायचा. त्याच्या नावावर सत्तेचाळीस कादंबऱ्या आहेत. मीही घड्याळ समोर ठेवलं. पहिल्या पंधरा मिनिटांत माझे अडीचशे शब्द सहज झाले, ते पाहून मला भरून आलं, पण मोजताना लक्षात आलं की त्यातले बरेचसे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पाण्याच्या टाकीवरून झालेल्या वादात खर्च झाले होते. मजकूर मात्र ओघवता होता. शेजाऱ्यांनी दादही दिली.

ट्रोलोप झेपला नाही तेव्हा इटलीतला फ्रान्चेस्को चिरिलो धरला. यांनी कॉलेजात असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेऊन अभ्यासाची युक्ती काढली. पंचवीस मिनिटं मान वर न करता काम, पाच मिनिटं विश्रांती, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. माझ्याकडे टोमॅटो नव्हता, पण मोबाइल होता. लावली पंचवीस मिनिटं. त्याच सुमारास बायको बँकेत निघाली आणि जाता जाता सांगून गेली, “अहो, कुकर ठेवलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.” मी एकाग्र झालो. इतका एकाग्र मी दहावीच्या परीक्षेतही नव्हतो. पहिली शिट्टी झाली तेव्हा मला वाटलं टायमर वाजला, म्हणून पाच मिनिटं गॅलरीत उभा राहिलो. दुसरी झाली तेव्हा ‘अरे, आज वेळ काय पळतोय’ म्हणून पुन्हा पाच मिनिटं आडवा झालो. चौथीनंतर नियमाप्रमाणे मोठी सुट्टी घेऊन खाली नाक्यावर पान खायला गेलो. परत आलो तेव्हा मजल्यावरचे सगळे लोक आमच्या दाराशी जमले होते. वरण काळं झालं होतं. लेखाचा कागद मात्र पांढरा स्वच्छ होता.

तेव्हापासून स्वयंपाकघरातली पद्धत बंद करून मी भिंतीकडे वळलो. कपाटाच्या दारावर तीन रकाने आखले, ‘करायचंय’, ‘चालू आहे’ आणि ‘झालं’, आणि प्रत्येक कामाची रंगीत चिठ्ठी योग्य त्या रकान्यात लावली. पहिल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या ‘चालू आहे’मध्ये होत्या, म्हणजे एका अर्थी मी फार कामात होतो. दुसऱ्या दिवशी मावशींनी केर काढताना पंखा पाचवर केला. चिठ्ठ्या घरभर उडाल्या, बिचाऱ्यांनी त्या गोळा करून जमेल तशा परत लावल्या आणि त्यांच्यात बायकोची भाजीची यादीही लागली. त्यानंतर आठवडाभर ‘झालं’ या रकान्यात ‘मेथी दोन जुड्या’ ही एकच चिठ्ठी होती. मी रोज ती पाहून खूश होत होतो. मेथीही बायकोनेच आणली होती.

पण खरी कसोटी दिवाळी अंकांची. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक दरवर्षी एकाच मोसमात उशीर करत आला आहे. संपादक ज्येष्ठ-आषाढात फोन करून ‘१५ ऑगस्टपर्यंत लेख हवा’ म्हणतात, मनात गणपती विसर्जन धरतात. लेखक ‘नक्की’ म्हणतो, मनात पितृपक्ष धरतो. या प्राचीन समझोत्याला छेद देऊन एका वर्षी मी सगळे लेख वेळेवर द्यायचे ठरवलं. संगणकावर प्रत्येक अंकाची वेगळी फाइल, फाइलला वेगळा रंग, रंगांचा तक्ता वेगळा. सगळं इतकं टापटीप झालं की कुठला रंग कशाचा, हे पाहायला तो तक्ता लागायचा आणि तक्ता कुठल्या रंगाच्या फाइलीत आहे हे मला आठवेना. मुदतीच्या आदल्या दिवशी मी अंदाजाने दोन लेख दोन ठिकाणी पाठवले आणि वेळेवर काम केल्याच्या आनंदात बाकरवडी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी एका अध्यात्मविषयक अंकाच्या संपादकांचा फोन आला. अतिशय सौम्य गृहस्थ. म्हणाले, “लेख उत्तम आहे, पण आम्ही वारीवर मागितला होता. यात वारकरी दिसत नाहीत, तुमच्या सासूबाई दिसतात. आणि मिक्सर.” माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे वारीवरचा लेख विनोदी अंकाकडे गेला होता. मी घाईघाईने तिकडे फोन केला, तर त्यांचं पान लागून गेलं होतं. दिवाळीनंतर त्या अंकाच्या एका वाचकाचं मला पत्र आलं, ‘आजवरचा तुमचा सर्वांत विनोदी लेख.’

पैशांच्या बाबतीत तरी व्यवस्थित राहू म्हणून मी मानधनाचा हिशेब ठेवायला घेतला. कुणाला काय दिलं, कुणाकडून काय यायचं, कधी आठवण करायची. आठवण करायची तारीख मी डायरीत लिहितो. पण संपादकांना पैशांबद्दल विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, मी फोन करतो, तब्येतीची चौकशी करतो, पावसाबद्दल बोलतो आणि नव्या लेखाचं कबूल करून फोन ठेवतो. एकदा विवरणपत्र भरताना कर सल्लागाराने आयकराच्या पोर्टलवरचा २६ एएस हा करकपातीचा तक्ता उघडून विचारलं, “या कंपनीच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर तुम्ही केलंत का?” मी छातीठोकपणे नाही म्हणालो. मी ते केलं होतं. व्यावसायिक मानधनातून १० टक्के कर आधीच कापायचा असतो आणि एकाच संस्थेकडून वर्षभरात मिळणाऱ्या रकमेवरची त्यासाठीची मर्यादा तेव्हा ३० हजार होती, एप्रिल २०२५ पासून ती ५० हजार झाली. त्या कंपनीने कापलेल्या कराची नोंद तिथे पैशासकट होती. माझ्या लेखनाचा इतका बारकाईने मागोवा घेणारा दुसरा वाचक मला आजवर भेटलेला नाही.

आपलंच डोकं असं का, हे समजून घ्यायला मी मानसशास्त्राची पुस्तकं आणली (कादंबरी तोवर बाजूला ठेवली) आणि डॅनियल कानेमन यांची हकीगत वाचून जिवात जीव आला. इस्रायलमध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. विषय, माणूस निर्णय कसा घेतो. किती दिवस लागतील, तर सगळ्यांचा अंदाज साधारण दोन वर्षांचा. लागली आठ. तोवर शिक्षण मंत्रालयाचा उत्साह मावळला होता आणि ते पुस्तक कधी वापरलंच गेलं नाही. याच गृहस्थांनी १९७९ साली अमोस ट्वेर्स्कींबरोबर, माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ हटकून कमी का धरतो, यावर लिहिलं होतं आणि पुढे २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी हे बायकोला उत्साहाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांचं निदान आठ वर्षांनी झालं.”

तिच्या त्या वाक्यावरून मी मागच्या सगळ्या डायऱ्यांची चळत काढून बसलो, तेव्हा एक गोष्ट ढळढळीत दिसली. मी स्वतःसाठी ठरवलेलं एकही काम पुरं झालेलं नव्हतं. ज्याची दुसरं कुणी वाट पाहत होतं, ते मात्र रडतखडत का होईना झालं होतं. म्हणजे माझ्यातला नोकर कामचुकार असला तरी भिडस्त आहे. त्याला साहेब बाहेरचा लागतो.

म्हणून मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना गाठलं. काका बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालेत. कादंबरीचं रोज एक पान संध्याकाळी त्यांच्या हातात द्यायचं, असं ठरलं. काका साहित्य वाचत नाहीत, पान उलटं धरलं तरी त्यांना चालतं, पण सात वाजले की ते जिन्यातून खणखणीत आवाजात “आजचा हप्ता?” असं विचारतात आणि अख्ख्या इमारतीला कळतं. हप्ता नव्वद दिवस थकला की बँक कर्जखातं अनुत्पादित ठरवते, हा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितला. मला चार दिवसांचीही सवलत नाही. डायरी, हायलायटर आणि पंचिंग मशीन मुलीने नेलं. कादंबरी निम्म्यावर आली आहे.

राहता राहिले लेख. त्यासाठी तमाम संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे. मला मुदत सांगताना खरी तारीख कधीही सांगू नका, चांगली महिनाभर अलीकडची सांगा, आणि ती खोटी आहे हे मी कितीही गळ घातली तरी कबूल करू नका. फोन मात्र रोज करा. शक्यतो सातच्या आत.