हौदा किती फुटी?

पुण्यात सिग्नलला शेजारी टेम्पो येऊन उभा राहिला, की साधारण माणूस धुरामुळे काच वर घेतो. टेपवाला काच खाली घेतो, मान बाहेर काढतो आणि विचारतो, ‘‘दादा, हौदा किती फुटी?’’ चालकाला वाटते, भाडे आले. तो उत्साहाने ‘‘कुठं जायचंय?’’ म्हणतो. टेपवाल्याला कुठेच जायचे नसते. फाळका पूर्ण खाली पडतो का, चाकांच्या कमानी हौद्यात घुसल्यात का, दोरी अडकवायच्या कड्या आतून आहेत की बाहेरून, एवढेच त्याला हवे असते. सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न ठणाणा करू लागतात, आणि टेपवाला तृप्त होऊन बायकोला सांगतो, ‘‘सात-दोन. बुलेट बसेल, पण फाळका लावताना मागचं मडगार्ड सांभाळायला लागेल.’’

आपल्याकडे बुलेट नाही, हे ती बोलून दाखवत नाही. लग्नाला अठरा वर्षे झाली की अशा गोष्टी बोलायच्या नसतात.

टेपवाला चाळीस ते पंचावन्न या वयोगटात सापडतो. नोकरी बँकेत किंवा संगणकाच्या कंपनीत, फ्लॅट कोथरूड किंवा पिंपळे सौदागरला, आणि पँटच्या खिशात पाच मीटरची स्टीलची टेप. गावच्या पडवीत वडिलांची एक येझदी असते. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1996 साली कारखाना बंद केला, तेव्हापासून तिच्यावरची त्याची माया वाढत गेलेली आहे. ज्या दांडीने किक मारायची तीच मग गिअरची दांडी होते, हे पाहुण्यांना करून दाखवताना त्याचा चेहरा उजळतो. येझदी नसेल तर 1985 ते 1996 या काळातली यामाहा आरएक्स 100 असते. ही 98 सीसीची गाडी तिच्या धन्याने कॉलेजात असताना विकली आणि चाळिशीनंतर तिप्पट भावात दुसऱ्या कुणाची तरी विकत घेतली.

आता ही मोटारसायकल इकडून तिकडे न्यायची असते. चालवत का नेत नाही, असे विचारणारा माणूस त्याच्या लेखी अडाणी. कधी गाडी बंद असते, म्हणून टेम्पो हवा. कधी सुरू असते, पण ‘‘एवढ्या लांब काढायची नाही तिला’’ म्हणून टेम्पो हवा. कधी मेकॅनिक साताऱ्याला असतो, कारण या टोळीचा मेकॅनिक नेहमीच दुसऱ्या जिल्ह्यात असतो. शिवाय एक बिनतोड कारण सरकारने स्वतःच पुरवलेले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरमध्ये कुठेही बंदी. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, तिथेही बंदी. महाराष्ट्रातले सगळ्यात गुळगुळीत रस्ते मोटारसायकलला बघायचे असतील, तर तिला कुणाच्या तरी हौद्यात बसूनच बघावे लागतात. टेपवाल्यांच्या बैठकीत ‘‘आमची येझदी अटल सेतूवरून गेलीय’’ असे सांगणारा एखादा असतोच, आणि ती झोपून गेली की उभी, हेही कुणीतरी विचारतेच.

खर्चाचा विषय निघाला की टेपवाला वही काढतो. त्याचा शोध ‘परवडणाऱ्या’ वाहनाचा आहे, आणि परवडण्याची व्याख्या दर रविवारी बदलते.

सुरुवात आपेपासून होते. बारामतीत तयार होणारे हे तीनचाकी स्वस्त, गल्लीबोळात शिरणारे, आणि हौदा कमरेच्या खाली, त्यामुळे चढवायला सोपे. पण मागचा डबा साडेपाच-सहा फुटांचा, आणि साधी स्प्लेंडरसुद्धा साडेसहा फुटांची. म्हणजे फाळका उघडा ठेवून मागचे चाक त्यावर टेकवायचे आणि मनात रामरक्षा म्हणायची. शिवाय तीनचाकीलाही द्रुतगती मार्गावर मज्जाव. आपेत मोटारसायकल घातली, तर वाहन आणि माल दोघांनाही बंदी असलेली ही एकमेव जोडी ठरते.

दुसऱ्या रविवारी बोलेरो पिकअप. तिचा हौदा नऊ-दहा फुटी, ताकद दीड-पावणेदोन टनांची. एकशे चाळीस किलोच्या मोटारसायकलसाठी हे म्हणजे पापडाला पाटा-वरवंटा. पण ‘‘उद्या चार गाड्या झाल्या तर?’’ हा प्रश्न तो स्वतःच विचारतो, आणि त्याचे उत्तर बायकोच्या चेहऱ्यावर वाचून पान उलटतो.

मग एखादा श्रीमंत मित्र इसुझूची व्ही-क्रॉस घेतो. पांढऱ्या पाटीवर, खासगी म्हणून नोंदवता येणारा, दिसायला रुबाबदार पिकअप. टेपवाला हार घालायच्या आधी टेप घालतो. हौदा जेमतेम पाच फूट! पाच माणसांच्या केबिनला जागा देता देता मागे एवढीच उरलेली. ‘‘वीस लाख घातलेस आणि मोटारसायकलचं मागचं चाक रस्त्यावर,’’ हे वाक्य पेढा तोंडात असतानाच उच्चारले जाते. मित्र पुढच्या वेळी बोलावत नाही.

मारुती ओम्नीवरही एक वर्ष खर्ची पडलेले असते. मागची सीट काढली, आरसे काढले, पुढचे चाक काढले, हँडल फिरवले, की मोटारसायकल आत जाते, असे कोल्हापूरच्या कुणीतरी सांगितलेले असते. एवढे सुटे केल्यावर ती पोत्यात भरून एसटीनेही जाईल, हा मेहुण्याचा शेरा तो मनावर घेत नाही. 2019 मध्ये ओम्नीचे उत्पादन थांबले आणि हे प्रकरण आपोआप मिटले.

रेल्वेचा पर्याय मात्र त्याला मनापासून आवडतो, आणि इथे त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे असते. आपण त्याच गाडीने जात असू तर मोटारसायकल लगेज म्हणून जाते, नाहीतर पार्सल म्हणून. आरसी पुस्तक आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी लागते, आणि पार्सल ऑफिसबाहेर तरट गुंडाळून देणारे लोक बसलेलेच असतात. लेह-लडाखला मोटारसायकलवरून जाणारी पुण्याची पोरे आपल्या गाड्या अशाच चंदीगड-दिल्लीकडे पाठवतात आणि स्वतः विमानाने जातात. टेपवाल्याने एकदा आपली गाडी अशी पाठवली. ती सुखरूप पोचली. फक्त तरट सोडल्यावर लक्षात आले, की टाकी कोरडी आहे आणि पंप स्टेशनपासून दोन किलोमीटरवर. ते ढकलणे तो अजून ‘‘तिथली हवा फार छान’’ एवढ्याच शब्दांत सांगतो.

शेवटी सगळ्या वाटा टाटा एसपाशी येऊन थांबतात. मे 2005 मध्ये बाजारात आलेला हा छोटा हत्ती टेपवाल्याचा खरा इष्टदेव. दोन सिलिंडरचे सातशे सीसीचे इंजिन, पाऊण टन वजन उचलायची तयारी, आणि हौदा 2200 मिलिमीटर लांब, 1490 रुंद. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आहे 2145 मिलिमीटर. म्हणजे उरतात 55. या 55 मिलिमीटरवर टेपवाला अर्धा तास बोलू शकतो. त्यात पुढच्या चाकासमोर जुना टायर ठेवायचा असतो, तर मग मोटारसायकल तिरकी घालावी लागते. तिरकी घातली तर दुसरीला जागा उरत नाही. दोन घालायच्या तर एकीचे तोंड पुढे आणि दुसरीचे मागे, म्हणजे हँडलला हँडल भिडत नाही. हे सगळे तो जेवणाच्या टेबलावर दोन चमचे आणि लोणच्याची बरणी घेऊन समजावतो.

कायदाही त्याला पाठ. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असल्यामुळे मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. साध्या चारचाकीच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्के केले. त्या निकालाच्या दिवशी टेपवाल्याने ऑफिसात बर्फी वाटली. प्रमोशन झाले असे समजून अभिनंदन करणाऱ्यांना त्याने कलमासकट खुलासा केला.

मग विम्याचा आकडा समोर येतो आणि बर्फी कडू लागते. जून 2022 पासूनच्या दरांनुसार, दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 1,366 रुपये. छोट्या मालवाहू टेम्पोचा 16,049. कर वेगळा. म्हणजे जिला न्यायचे तिच्या जवळजवळ बारापट विमा नेणाऱ्याचा. वर फिटनेस: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आणि टेपवाल्याला परवडणारा टेम्पो आठ वर्षांच्या पुढचाच असतो. द्रुतगती मार्गावर मोटारीला एप्रिल 2023 पासून 320 रुपये टोल, टेम्पोला 495. वर्षातून तीनदा मोटारसायकल न्यायची, तर एका खेपेला विम्याचेच पाच हजारांच्या वर पडतात. तेवढ्यात कोणताही टेम्पोवाला पुण्याहून साताऱ्याला ती हसत नेईल, आणि रिकामा परत निघालेला असेल तर निम्म्यात. हा हिशेब टेपवाल्याच्या वहीत त्याच्याच हस्ताक्षरात आहे. त्यावर त्याने पेनाने एक चौकट काढली आहे आणि पुढच्या पानावर जुन्या टेम्पोंच्या किमती लिहायला घेतल्या आहेत.

भाड्याचा टेम्पो त्याला का चालत नाही, याचे खरे कारण दोरी. टेम्पोवाले मोटारसायकल मुख्य स्टँडवर उभी करतात, दोन नायलॉनच्या दोऱ्या सीटवरून आवळतात आणि ‘‘काय होत नाय साहेब’’ म्हणून किल्ली फिरवतात. टेपवाल्याच्या छातीत कळ येते. स्टँडवर कधीच नाही! दोन्ही चाके टेकलेली, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक बंद, पुढचे शॉकअॅब्सॉर्बर निम्मे दबेपर्यंत दोन बाजूंना रॅचेटचे पट्टे, मागे आणखी दोन, आणि रंग जाऊ नये म्हणून जिथे पट्टा तिथे फडके. दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासायचे. यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण तो हे भर दुपारी उभ्या टेम्पोमागे सांगत असतो, आणि तोवर चालक चहाला गेलेला असतो.

चढवणे हा आणखी वेगळा अध्याय. हाताशी फळी नसेल तर टेम्पो उलटा घेऊन रस्त्याकडेच्या उंचवट्याला लावायचा, की हौदा आणि जमीन एका पातळीत येतात. ही युक्ती गावोगावचे म्हशी नेणारे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. टेपवाल्याने ती स्वतः शोधली. आता त्याला प्रवासात देखावे दिसतच नाहीत, बांध दिसतात. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी ‘‘काय सुंदर आहे!’’ असा उद्गार आला, तर समजावे की कडेला अडीच फुटांचा चढ आहे.

दोन टेपवाले एकत्र आले, की फळी लाकडी की लोखंडी यावर जुंपते. लोखंडी टिकते, पण पावसात घसरते आणि घडीची असेल तर नेमकी मधे दुमडते. लाकडी धरून ठेवते, पण मग ती नेणार कशात? या प्रश्नावर दोघेही गप्प होतात आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे टेम्पो उभा राहतो.

टेम्पो घ्यायचा म्हटले तरी तो लावायचा कुठे? सोसायटीच्या नियमात ‘पिवळ्या पाटीची वाहने आत लावू नयेत’ असे कलम असते, आणि ते सेक्रेटरींनी टेपवाल्याची चाहूल लागल्यावरच घातलेले असते. त्याने सभेत युक्तिवाद केला. गणपती आणायला टेम्पो फुकट देईन, असेही सांगितले. सभासदांनी गणपतीला मान्यता दिली आणि पार्किंगला नकार.

तोडगा सासुरवाडीने काढला. सासवडजवळ मेहुण्याची सीताफळाची बाग. त्याला माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायला गाडी हवीच होती. दोघांत मिळून आठ वर्षांचा टाटा एस घ्यायचा, तो शेतावर उभा राहील, आणि शनिवारी मार्केट बंद असते तेव्हा टेपवाल्याच्या ताब्यात, असे ठरले. पैसे निम्मे-निम्मे. विमा टेपवाल्याकडे, कारण हप्त्याचा आकडा पाठ असलेला तो एकटाच होता.

व्यवहाराच्या दिवशी त्याने हौदा मोजला. 2200 भरला. चारी कोपऱ्यांना त्याने स्वखर्चाने कड्या वेल्ड करून घेतल्या, आतून. तळाला रबराची मॅट. फाळक्याच्या काठाला गादीचा तुकडा. मेहुणा हे सगळे कौतुकाने बघत होता, कारण गादीमुळे सीताफळ डागळत नाही.

पहिले दोन शनिवार पावसात गेले, तिसऱ्याला पाटा तुटला. चौथा गणपतीच्या तोंडावर आला. येझदी साताऱ्याला न्यायची ठरली होती, मेकॅनिकची वेळ घेतली होती, पट्टे धुऊन वाळवले होते. आदल्या रात्री सासवडहून फोन आला.

‘‘दाजी, सणामुळं उद्याच्या शनवारी मार्केट चालू ठेवलंय. माल तोडून ठेवलाय.’’

‘‘अरे, पण माझा वार ठरलाय ना!’’

‘‘तेच म्हणतोय. तुमची गाडी काय एकाच बाजूला उभी राहणार. तिला घालू की आत. आधी यार्डात माल उतरवू, मग जा तुम्ही साताऱ्याला.’’

टेपवाल्याने मनातल्या मनात 1490 मधून हँडलची रुंदी वजा केली. ‘‘बसेल,’’ तो म्हणाला, ‘‘पण क्रेट मागच्या बाजूनं लावायचे. आणि पट्ट्यांना कुणी हात लावायचा नाही.’’

‘‘नाही लावत,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘फक्त एवढं सांगा, तिच्या सीटवर दोन क्रेट ठेवले तर चालतील का?’’