मुक्काम पोस्ट पार्किंग

नानांचं पाकीट घेऊन कुरिअरवाला आला, की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वहिनी त्याला सांगतात, "ते गावाला गेलेत. खाली पार्किंगमध्ये बघा, चौथ्या खांबापाशी."

हे गाव ३.३७ मीटर लांब आणि १.४१ मीटर रुंद आहे. पांढरी, शाळेच्या पोरांची ने-आण करून दमलेली, सेकंडहँड ओम्नी. माझी गाडी पाचव्या खांबाची, त्यामुळे या गावच्या सगळ्या जत्रा मी पाहिल्यात.

नाना पिंपरीकडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेला माल नापास केला. निवृत्त झाल्यावर नापास करायला घरात वहिनींच्या पोळ्याच तेवढ्या उरल्या. दोन महिने वहिनींनी काढले आणि मग त्यांनीच म्हणे सुचवलं, तुम्ही एखादी जुनी गाडी का घेत नाही? नाना हे कौतुकानं सांगतात, "हिलाच हौस फार." वहिनी त्या वेळी दुसरीकडे बघतात.

गाडी आली तेव्हा मागच्या काचेवर 'हळू चालवा, आत मुले आहेत' असं लिहिलेलं होतं. ते खरवडलं, तरी तिरप्या उन्हात अजून वाचता येतं. सीट उचकटल्यावर खालून डब्याचं एक झाकण, अडीच पेन्सिली आणि एक वाळकं बोर निघालं. झाकण नानांनी टाकलं नाही. त्यात आता फ्यूज ठेवतात.

असा गाडीचं घर करणारा एक गृहस्थ हल्ली बहुतेक मोठ्या सोसायट्यांत निघतो. त्याची खूण सोपी आहे. तुम्ही म्हणालात महाबळेश्वर, तर तो म्हणतो पसरणी, दुसरा गिअर. तुम्ही हौसेनं नवं स्वयंपाकघर दाखवायला न्यावं, तर तो ओट्याकडे ढुंकून न पाहता खाली बसतो आणि कपाटाची बिजागरी हलवून विचारतो, "कुठनं आणली? टिंबर मार्केट?" सहलीचे फोटो त्याच्याकडेही असतात, पण त्यांत डोंगर कुठेच नसतो. असतो तो ड्रॉवर; आधी बंद, मग उघडा.

ओम्नीचा इतिहास नानांच्या तोंडपाठ आहे. १९८४ साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, २०१९ ला बंद झाली. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं आणि पुढच्या सीटच्या खाली. म्हणजे चालवणाऱ्याच्या बुडाखाली. एप्रिलात नानांशेजारी बसून कात्रजचा घाट चढला, की इडलीला काय वाटत असेल ते कळतं. वर हिंदी सिनेमानं या गाडीला अपहरणाची अशी काही सवय लावून ठेवलीय, की नाना रस्त्याच्या कडेला थांबून सरकतं दार खर्रकन उघडतात तेव्हा बसस्टॉपवरची माणसं दोन पावलं मागे सरतात.

आतलं काम वर्षभर चाललं. बारा एमएमचा प्लाय टिंबर मार्केटमधून, वायरी नि स्विच तापकीर गल्लीतून, दाराचे रोलर नाना पेठेतून आणि जे कुठेच मिळत नाही ते रविवारी जुन्या बाजारातून. पत्र्याला आतून हिटलॉन, त्यावर सनमायका, पडद्यांना वहिनींच्या जुन्या साडीचे काठ. खाट बनवली, पण ती कुठेही आवळलेली नाही. कारण मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. "ही खाट नाहीच," नाना आरटीओ समोर उभा असल्यासारखं म्हणतात, "हे सामान आहे. उचललं की गाडी मोकळी." शिवाय जर्मनांचा दाखला. तिकडे वेस्टफालियावाल्यांनी १९५१ साली फोक्सवॅगनमध्ये बसवली तीसुद्धा म्हणे काढता-घालता येणारी पेटीच होती. जर्मनांचं नाव निघालं, की पुण्यात वाद मिटतो.

नाना पाच फूट दहा इंच. खाटेच्या पायथ्याशी शेगडीची पेटी असल्यानं सरळ झोपलं तर पाय शेगडीवर जातात. म्हणून ते कोपऱ्यातून कोपऱ्यात झोपतात. "कर्ण नेहमी मोठाच असतो," हे मला त्यांनी रात्री साडेदहा वाजता, प्रत्यक्ष आडवं होऊन सिद्ध करून दाखवलंय. कर्णावर माणूस आडवा झाला, की दोन्ही बाजूंना त्रिकोण उरतात. एका त्रिकोणात पाण्याचा वीस लिटरचा जार, दुसऱ्यात वहिनी, अशी मूळ योजना होती.

वहिनींनी एकच प्रश्न विचारला. "सकाळचं काय?"

नानांनी झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा अशी एक व्यवस्था सांगायला सुरुवात केली. वहिनींनी ती पूर्ण ऐकलीसुद्धा नाही. तेव्हापासून प्रत्येक सहलीत 'घरगुती जेवण व राहण्याची उत्तम सोय' अशा पाटीच्या घरात वहिनींची खोली आधी ठरते आणि नाना त्याच घराच्या अंगणात गाडी लावून 'निसर्गाच्या सान्निध्यात' झोपतात. सकाळी टॉवेल घेऊन खोलीच्या दारावर टकटक करतात. एका मालकानं हिशेबाच्या वेळी नानांना शांतपणे सांगितलं होतं, "गाडीत झोपलात ती तुमची हौस. दर माणशी लावलाय."

निवृत्त माणसाला शनिवार-रविवारच कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं. मंगळवारी ताम्हिणी मोकळी, रविवारी धबधब्यापेक्षा गाड्यांची रांग लांब. नाना म्हणाले, "मंगळवारी निघालं की कामाला निघाल्यासारखं वाटतं हो." यावर काय बोलणार?

पण सहल हा या छंदातला किरकोळ भाग. दोनशे पानी वहीत नाना सगळं टिपून ठेवतात. वही मी चाळलीय. चौदा महिन्यांत ठरलेल्या सहली अकरा, झालेल्या चार. उरलेल्या सातांपुढे कारणं आहेत: 'दार रुळावरून उतरले.' 'मागचे पाटे बसले. एक पाटा वाढवला. आता पुढून खाली वाटते.' 'टाचणीएवढा गंज, डावी बाजू.' आणि एका पानावर नुसतंच 'चटणी.'

चटणीचं प्रकरण असं. टपावरच्या कॅरिअरवर शंभर वॉटचं सोलर पॅनेल, आत शंभर ॲम्पिअर-अवरची बॅटरी नि इन्व्हर्टर. बॅटरी एकटीच तीसेक किलोची. पार्किंगमध्येच सकाळी आठ वाजता ओल्या नारळाची चटणी मिक्सरवर वाटून दाखवायचा जाहीर कार्यक्रम ठरला. वॉचमन, इस्त्रीवाला, मी आणि चार पोरं हजर. नाना सांगत होते, "मिक्सर पाचशे वॉट. बारा व्होल्टवर म्हणजे जवळपास बेचाळीस ॲम्पिअर." हिशेब अगदी बरोबर होता. वायर मात्र दिव्याची वापरली होती. मिक्सर एकदा घुर्र म्हणाला, फ्यूजचा होल्डर मऊ होऊन खाली लोंबला आणि असा काही वास सुटला, की इस्त्रीवाला आपली इस्त्री बघायला धावला. वहिनींनी काही न बोलता भांडं वर नेलं. दहा मिनिटांनी चटणी खाली आली, इडल्यांसकट.

आणि गळती. कायद्याला इतकं जपणाऱ्या नानांनी त्या सोलरच्या वायरीसाठी टपाला एकच, फक्त अर्ध्या इंचाचं भोक पाडलं होतं. जूनच्या दुसऱ्या पावसात ते भोक बोलायला लागलं. पण पाणी भोकातून आत आलं तरी भोकाखाली पडत नाही, ही त्यातली गंमत. ते हिटलॉनमागून सावकाश फिरत फिरत जाऊन बरोबर नानांच्या कपाळावर टपकायचं. उगम शोधायला रविवारी सकाळी मोहीम. नाना आत, दारं बंद, हातात बॅटरी. बाहेर पोरं पाइप घेऊन.

"डावीकडे मारा!" आतून आवाज.

"आमची की तुमची?"

"माझी! थांबा... थोडं मागे... आलं! आलं! नाही, हा घाम."

अर्धी टाकी संपली तेव्हा सेक्रेटरी खाली आले. नानांनी भोकाभोवती आधी सिलिकॉन लावलं, त्यावर एम-सील, त्यावर डांबराची पट्टी. थेंब कपाळावरून उशीवर सरकला, इतकीच प्रगती झाली. शेवटी वॉचमन म्हणाला, "साहेब, वरनं कागद टाका की." निळी ताडपत्री आली. ताडपत्रीखाली सोलर काय चालणार? पण गळती थांबली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा नानांनी दुसऱ्याचं काम पास केलं. त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागला: 'सभासदांनी वाहनात वास्तव्य करू नये.' नानांनी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'वास्तव्य' या शब्दाची व्याख्या द्यावी.

झालेल्या चार सहलींपैकी एकीला मी होतो. दिवेआगर. नोव्हेंबरातला शनिवार, बारा तारीख. पहाटे पाचला निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असं करत आम्ही साडेदहाला पोचलो. वाटेत तीन वेळा थांबलो, तिन्ही वेळा काहीतरी खडखडतंय म्हणून. पहिला खडखडाट चमच्यांचा, दुसराही चमच्यांचा, तिसरा वहिनींच्या बांगड्यांचा निघाला.

वहिनींना सुपारीच्या वाडीतल्या त्यांच्या खोलीवर टेकू न देता नाना म्हणाले, समुद्रासमोर दार उघडून जेवायचं. त्यासाठीच तर गाडी. सुरूच्या झाडांपाशी पक्की जमीन होती, तिथे थांबता आलं असतं. पण मधे एक फांदी येत होती. मी म्हटलं, पाणी? नाना हसले. कोकणात लोक भरतीचं गणित तोंडी करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा, दशमीला साडेसात. "आज बारा. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे भरती नवाला, पूर्ण ओहोटी तीनला. आता कुठे बारा वाजतायत, पाणी मागेच चाललंय. बिनधास्त."

ओम्नी वाळूवर उतरली. ओल्या, घट्ट वाळूवर ती झकास धावली हे मान्य केलं पाहिजे. नानांनी दार सरकवलं, वहिनींनी घरून आणलेला डबा उघडला आणि बशा भरल्या. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, शेजारी दही. आम्ही मांडी घालून खात होतो. समोरचा समुद्र मागे जातोय असं काही मला वाटेना, पण ज्या माणसानं हिशेबात कधी चूक केली नाही त्याला बोलणार कसं? (चटणीच्या वेळीही हिशेब बरोबरच होता.)

दुसरी बशी वाढताना वहिनी म्हणाल्या, "अहो, बारा ही तारीख झाली ना? तिथी चतुर्थी आहे."

नानांचा घास हातातच राहिला.

"संकष्टी," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर खिचडी कशाला केली असती?"

चाराची पाऊणपट तीन. तीनला ओहोटी नाही, पूर्ण भरती. नानांनी बशीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि समुद्रानं पहिला फेस पुढच्या चाकाला लावला.

ओम्नीत जोर मागच्या चाकांना. बॅटरी, जार, खाट, पेटी, सगळा संसारही मागेच. नानांनी पाय दाबला तशी बारा इंची चाकं सुरमईच्या तुकडीत सुरी जावी तशी वाळूत गेली. मग आम्ही संसार बाहेर काढायला लागलो. खाट निघाली, पेट्या निघाल्या. कलम ५२ असं कामाला आलं. वहिनी डोक्यावर गादी घेऊन सुरूच्या बनाकडे चालल्या होत्या, अगदी पूर आलेल्या गावातून निघाव्यात तशा. एक आजोबा जाळं खांद्यावर टाकून बघत उभे होते. त्यांनी विचारलं, "गाडीला समुद्र दाखवायला आणलीत काय?" आणि त्यांनीच पुतण्याला हाक मारून ट्रॅक्टर बोलावला. दोर बांधेपर्यंत पाणी दाराच्या रुळापर्यंत आलं होतं. झाकणातले फ्यूज तरंगत बाहेर निघाले, झाकणासकट.

रात्री खोलीच्या ओटीवर नाना गप्प बसले होते. गाडी अंगणात, दारं सताड उघडी, गादी विहिरीच्या काठावर वाळत. वहिनी चंद्रोदयाची वाट बघत होत्या. नऊच्या सुमारास नारळांच्या मागून चंद्र वर आला.

"नऊ," नाना हळूच म्हणाले. "काहीतरी वर येणार होतं हे खरं."

वहिनी हसल्या, तसे तेही हसले. त्या रात्री ते खोलीत झोपले, सरळ. मालकानं वेगळे पैसे लावले नाहीत. तसे ते आधीच लावलेले होते.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा चौथ्या खांबापाशी ओम्नी जॅकवर होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. खारं पाणी पत्र्याला चोवीस तासही ठेवायचं नसतं. रविवार परतीत गेला म्हणून नाना स्वतःवर चिडले होते. मी पाण्याचा पाइप जवळ सरकवून दिला.

"बारा-तेराचा पाना द्या जरा," खालून आवाज आला. "आणि हे बघा, पुढच्या वेळी भंडारदरा. धरणाला भरती नसते."

वरून खिडकी उघडली. "अहो, चहा घ्यायला वर येताय, की गावाला पाठवू?"

"पाठव!" पाय म्हणाले. "आणि दोन बिस्किटं दे, प्रवासात आहे."