हुकूम हातात, पैसे कुठे?

घटस्फोटाच्या बातमीत कोटींचा आकडा असला की ती गावभर होते. कुण्या खेळाडूनं इतके दिले, कुण्या उद्योगपतीनं तितके, आणि त्याखाली शेरे: बाईनं लुटलं. पोटगीबद्दलचं आपलं बरंचसं मत या बातम्यांवर पोसलेलं आहे. कुटुंब न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या बाईचा झगडा मात्र चार हजार, आठ हजार, बारा हजारांचा असतो. हुकूम मिळायलाच वर्षं जातात. त्यानंतर पैसे मिळवण्यासाठी झगडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मला आज या दुसऱ्या झगड्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्याची बातमी होत नाही.

शाहबानो प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातले रुपये किती जणांना आठवतात? इंदूरच्या या बाईचा संसार चाळीसहून जास्त वर्षांचा, मुलं पाच, नवरा चांगली प्रॅक्टिस असलेला वकील. १९७८ मध्ये तिनं महिना ५०० रुपये मागितले. दंडाधिकाऱ्यांनी १९७९ मध्ये २५ रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा तेवढ्यासाठीही सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९८५ मध्ये हरला. त्यानंतर देशभर धर्मावरून रान पेटलं, तलाक दिलेल्या मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६ चा वेगळा कायदा आला, निवडणुकांचं राजकारण फिरलं. एका म्हाताऱ्या बाईनं महिन्याला २५ रुपयांत जगायचं कसं, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात कुणाला ऐकूच गेला नाही. तलाक दिलेल्या मुस्लिम स्त्रीला सर्वांसाठी असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगावं लागलं.

शाहबानोनं ५०० च का मागितले? कायद्याची कमाल मर्यादाच तेवढी होती म्हणून. फौजदारी प्रक्रिया संहितेतली ही मर्यादा २००१ मध्ये काढली. त्याच दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट आली: नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल लावायचा. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, कलम १२५ चं १४४ झालं, साठ दिवस तेच राहिले. आणि त्यातला ‘शक्यतो’ही तसाच राहिला.

या ‘शक्यतो’चा अर्थ नागपूरच्या एका प्रकरणात कळतो. बाईनं स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी २०१३ मध्ये अंतरिम पोटगी मागितली. कुटुंब न्यायालयाचा हुकूम झाला ऑगस्ट २०१५ मध्ये. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला. मग दिल्ली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. अंतरिम म्हणजे तात्पुरती सोय, मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत चूल पेटती राहावी म्हणून. त्या तात्पुरत्या सोयीला सात वर्षं लागली, आणि मूळ अर्ज तेव्हाही पडूनच होता. तान्हं मूल तोवर शाळेत जायला लागलं होतं.

या निकालानं देशभरासाठी नियम घालून दिले, हे मात्र नागपूरच्या त्या बाईचे उपकार. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं शपथपत्र द्यायचं. नवऱ्याला उत्तरासाठी चार आठवडे आणि त्यानंतर जास्तीत जास्त दोन संधी. पोटगी हुकमाच्या तारखेपासून नाही, अर्जाच्या तारखेपासून द्यायची. हा शेवटचा नियम फार मोलाचा आहे. पूर्वी काही न्यायालयं हुकमाच्या दिवसापासून पोटगी धरत, म्हणजे नवऱ्यानं जितक्या तारखा वाढवून घेतल्या तितका त्याचा फायदा. तो रस्ता बंद झाला.

दुसरे रस्ते उघडे आहेत. नोटीस पोचली की अचानक नोकरी सुटते. दुकान भावाच्या नावावर जातं, फ्लॅट आईच्या. पगाराची स्लिप मागितली की ‘सध्या बेकार आहे’ असं शपथेवर लिहून येतं आणि त्याच आठवड्यात स्टेटसवर नव्या गाडीचा फोटो झळकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलंच पाहिजे. पण ते न्यायालयात मांडायला आधी नवरा सापडावा लागतो, आणि समन्सवर शेरा येतो: दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

आता वसुली. समजा महिना आठ हजारांचा हुकूम झाला. पहिले तीन महिने पैसे आले, मग थांबले. न्यायालय आपण होऊन काही करत नाही. बाईनं पुन्हा वकील गाठायचा, पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख. त्यात कायद्याचं एक कलम असं आहे की ते प्रत्येक पोटगीदार बाईनं भिंतीवर लिहून ठेवावं: ज्या महिन्याची रक्कम थकली, तिच्या वसुलीचं वॉरंट हवं असेल तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वर्ष उलटलं की त्या महिन्यापुरती ही वाट बंद. आज ना उद्या देईल, मुलांचा बाप आहे, उगाच कशाला कोर्टकचेरी, म्हणून वाट बघणाऱ्या बाईचं नुकसान होतं आणि बुडवणाऱ्याला वेळ काढण्याचं बक्षीस मिळतं. पोट महिन्याच्या महिन्याला भरावं लागतं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला मुदत मिळते आणि जिच्याकडे नाही तिला मुदतीची अट, ही व्यवस्था मला मुळातच अन्यायाची वाटते.

वॉरंट निघूनही पैसे वसूल झाले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्यानं थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलं आहे. तरी ‘महिनाभर आत बसून येतो, पण तिला दमडी देणार नाही’ म्हणणारे आहेत, आणि त्यांना शाबासकी देणारे मित्रही. बायकोवरच्या रागापायी लेकराच्या दुधाचे पैसे अडवणं याला मर्दानगी म्हणणाऱ्या समाजाला लाज वाटायला हवी.

उपाय नाही असं नाही. नागपूरच्या प्रकरणातल्या निकालानुसार पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० म्हणतं की पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित आहे. म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत पगार अडवता येतो. इतर कर्जांच्या वसुलीत पगारदाराला याहून जास्त संरक्षण मिळतं. कायदा करणाऱ्यांना पोटगीचं महत्त्व कळलं होतं. मग हुकूम देतानाच मालकाला, कंपनीला, शासकीय कार्यालयाला पगारातून रक्कम वळती करायचा आदेश का देत नाहीत? भविष्यनिर्वाह निधी दरमहा न विचारता कापला जातो. आयकर कापला जातो. पोटगी तेवढी नवऱ्याच्या मर्जीवर आणि बाईच्या हेलपाट्यांवर. पगारदार नवऱ्याच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून कपात हाच नियम असावा आणि ती नको असेल तर कारण नवऱ्यानं द्यावं. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा लिहीन.

पुरुषांच्या तक्रारी खऱ्या नसतात असं मी म्हणत नाही. चांगली कमावती बाई उत्पन्न लपवून पोटगी मागते, असंही घडतं. शपथपत्राची सक्ती तिलाही आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली गरजू नवराही पोटगी मागू शकतो. पण शिकलेली आहे म्हणजे कमावतेच, हा युक्तिवाद बंद व्हायला हवा. कमावण्याची पात्रता वेगळी आणि प्रत्यक्ष कमाई वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगून झालं आहे. बी.एड. करून बारा वर्षं सासू-सासरे आणि दोन मुलं सांभाळलेल्या बाईला चाळिशीत कोणती शाळा कायम नोकरी देणार आहे? तिची ती बारा वर्षं नवऱ्याच्या बढत्यांमध्ये जमा आहेत.

आणि म्हणून खरा प्रश्न पोटगीच्या पलीकडचा आहे. संसारात दोघांनी मिळून उभं केलेलं घर कुणाचं? महाराष्ट्रात उत्तर सोपं आहे: कागदावर ज्याचं नाव, त्याचं. गोव्यात तसं नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वेगळं होताना साधारणपणे निम्मी-निम्मी होते. सावंतवाडीच्या बाईला हात पसरावा लागतो आणि पेडण्याची बाई वाटा मागते. अंतर किती, तर एका तालुक्याचं. घटस्फोटाच्या वेळी पत्नीला स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, लोकसभेत ते बारगळलं. त्यानंतर त्याचं नाव काढायला कुठल्याच पक्षाला सवड झालेली नाही.

तोवर जी परस्परसंमतीनं वेगळी होते आहे, तिनं सही करण्याआधी कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे संमतीच्या अटींचा, कागद स्वतः वाचावा. दादानं, मामानं, वकिलानं वाचला म्हणजे आपण वाचला असं होत नाही. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ हे वाक्य त्यात बहुधा असतं. एकरकमी रक्कम ठरली असेल तर ती अंतिम सहीच्या आत डिमांड ड्राफ्टनं हातात हवी, पुढच्या तारखेच्या चेकवर विसंबू नये. दरमहा ठरली असेल तर दर वर्षी किंवा दोन वर्षांनी किती वाढेल ते लिहून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये एका प्रकरणात दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ बांधून दिली. दरमहाच्या पोटगीवर आयकर लागू शकतो, एकरकमी रक्कम साधारणपणे भांडवली जमा धरली जाते, तेव्हा हिशेब आधीच करून घ्यावा. आणि घाईत, वैतागून, ‘मला काही नको, सुटका द्या’ म्हणत हक्क सोडायचाच असेल, तर तिनं फक्त स्वतःचा सोडावा. मुलांच्या पोटगीचा हक्क मुलांचा असतो. आईच्या सहीनं तो जात नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर तो कागद परत करावा.