बंपरचं मॅचिंग

मला रंग तीनच कळतात. पांढरा, काळा आणि रंगीत. सव्वीस वर्षं लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरांत मी हिच्या मागे पिशवी धरून उभा राहिलोय, आमसुली आणि वांगी यांतला फरक दुकानदार समजावून सांगत असताना जाणकारासारखी मान डोलावलीय, आणि दरवेळी डेक्कन येईपर्यंत माझ्यापुरते दोन्ही जांभळे झालेत. असल्या माणसावर गाडीच्या बंपरला मॅचिंग रंग लावून आणायची वेळ आली.

वेळ आली म्हणजे मीच आणली. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत फाटकाशी एक लोखंडी पाटी आहे, 'वाहने सावकाश चालवावीत, हुकुमावरून, सचिव'. सचिव मीच. आधीची पाटी वाऱ्याने हलायची, म्हणून या वेळी पाया चांगला दोन फूट खोल घ्या, असं गवंड्याला उन्हात उभं राहून सांगणाराही मीच. त्या दिवशी रिव्हर्स घेताना गाडी पीं पीं करायला लागली, मला वाटलं बेल्ट लावला नाही म्हणून बोंबलतेय, मी बेल्ट लावला, तरी पीं पीं थांबेना, उलट एकसलग पींऽऽ झालं, तेव्हा बेल्ट नीट बसला नसेल म्हणून तो पुन्हा काढून खाड्कन बसवला आणि त्या नादात पाय ब्रेकवरून सुटला. पाटी जागची हलली नाही. पाया उत्तम झालाय.

मागचा बंपर मात्र कोपऱ्यापासून मधोमध फाटला आणि त्याची एक बाजू दमलेल्या माणसाच्या ओठासारखी लोंबायला लागली.

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे गार एसी, मशीनमधली कॉफी आणि आमच्या चिरंजीवांच्या वयाचा एक टायवाला मुलगा, जो दर वाक्याला 'सर' म्हणत होता. त्याने सगळं नीट सांगितलं, हे आज कबूल करतो. नवा बंपर बिनरंगाचा, काळाच येतो. प्लॅस्टिकवर रंग नुसता धरत नाही, त्याला आधी वेगळा प्रायमर लागतो. मग रंग, मग वरून क्लिअर कोट, आणि हे सगळं बंद बूथमध्ये, धूळ बसू नये म्हणून. एकूण तेरा हजार आठशे. 'इन्शुरन्समध्ये टाकू या का, सर?'

टाकू या म्हणायला माझी जीभ वळवळली, पण पॉलिसी घेताना 'झिरो डेप कशाला? प्लॅस्टिक तुटतंय कशाला?' असं एजंटला ऐकवून पैसे वाचवल्याचं आठवलं. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिकच्या सामानाचे निम्मेच पैसे मिळतात, वर पहिले हजार रुपये आपल्याच खिशातले, आणि इतकी वर्षं क्लेम न करता पन्नास टक्क्यांवर नेऊन ठेवलेला नो क्लेम बोनस थेट शून्यावर येतो. तिथून पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशा पायऱ्या चढत पन्नासला पोचायला पाच वर्षं. घरी येऊन दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी रात्री तीन तास दोन्ही बाजूंची बेरीज मांडली. क्लेम केला तर पाच वर्षांत मिळून साडेपाचशे रुपये फायदा. एवढ्यासाठी फॉर्म कोण भरणार, म्हणून मी बाहेरचं गॅरेज शोधायचं ठरवलं.

गॅरेज कसं निवडावं यावर सोसायटीत बारा जणांनी बारा सल्ले दिले. मी एकही न ऐकता माझ्या शास्त्राने निघालो. ज्या गॅरेजबाहेर चकचकीत गाडी उभी, ते गॅरेज चांगलं. आमच्या मागच्या रस्त्याला एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या दारात अशी एक गाडी दिसली की तिच्या दारात मला माझा भांग दिसला. मी ताबडतोब काम देऊन टाकलं. ती गाडी वरच्या मजल्यावर दाढ काढायला आलेल्या पेशंटची होती, हे नंतर कळलं. खाली डेंटिंग, वर डेंटिस्ट.

मिस्त्री मात्र सज्जन होता. दोष त्याचा नाही, हे लिहून ठेवतो. त्याने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, 'साहेब, कलर कोड काय?' मी ड्रायव्हरच्या दाराशी वाकलो, चष्मा कपाळावर नेला, तिथलं स्टिकर वाचलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, 'तेहतीस!'

'साहेब, ती टायरमधली हवा.'

मग त्याने स्वतः बॉनेट उघडून कोड शोधला. म्हणाला, एका कोडमध्येही दोन-तीन शेड निघतात, आणि तुमची गाडी सात वर्षं उन्हात उभी, रंग उतरलाय. शिवाय मेटॅलिक. त्यात बारीक चंदेरी कण असतात, गन जवळून मारली की वेगळी छटा, लांबून मारली की वेगळी. म्हणून बंपरच्या शेजारच्या पत्र्यावरही थोडा रंग चढवत चढवत मिटवून टाकू, म्हणजे जोड डोळ्यांना कळणार नाही. चार हजार जास्त पडतील.

इथे माझ्यातला सचिव जागा झाला. सोसायटीच्या प्रत्येक कंत्राटदाराला मी ज्या नजरेने बघतो त्या नजरेने त्याच्याकडे बघून म्हणालो, 'तुटलाय बंपर. पत्र्याला काय धाड भरलीय?' नाना पेठेतून लोकल बंपर आणू, ओरिजिनलपेक्षा स्वस्त पडेल, हेही मीच सुचवलं. कार्डावर रंग मारून दाखवतो, उन्हात एकदा बघून जा, असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा 'तुमच्यावर विश्वास आहे' असं उदारपणे बोललो. खरं कारण, दुपारी ऊन फार होतं.

संध्याकाळी साडेसातला गाडी घ्यायला गेलो. ट्यूबलाइटच्या उजेडात बंपर आणि गाडी एकाच आईची लेकरं दिसत होती. मी दोनदा प्रदक्षिणा घातली, नखाने टकटक केली, पोराला शंभर रुपये चहापाण्याला दिले आणि घरी येऊन हिला म्हणालो, 'उगाच लोक शोरूमला पैसे घालतात.'

सकाळी आठला ही दूध घ्यायला खाली गेली आणि तिथूनच हाक आली. 'अहो, जरा येता का?'

ऊन गाडीच्या पाठीवर तिरकं पडलं होतं.

'हा राखाडी आहे,' ही बंपरकडे बोट दाखवून म्हणाली. 'आपली गाडी पारवी.'

मी म्हटलं, एकच ते. तिने मला दंडाला धरून डावीकडे नेलं. तिथून बंपर काळपट दिसत होता. उजवीकडे नेलं, तिथून उजळ. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आमचे खजिनदार ओरडले, 'सचिवसाहेब, नवा बंपर का?' तिसऱ्या मजल्यावरून! त्यांचा मोतीबिंदू अजून काढायचाय.

'दुकानात बघितलात तेव्हा उजेडात नेऊन नाही बघितलंत?' हिने विचारलं. मला एकदम सव्वीस वर्षं दिसली. दरवेळी ही ब्लाउजपीस आणि साडी घेऊन दुकानाबाहेर, पायरीवर, उन्हात जाते, दोन्ही एकमेकांवर धरून तिरकं करून बघते, नाक मुरडते आणि परत आत येते. दरवेळी माझ्या मनात येतं, दुकानात एवढे दिवे लावलेत ते काय उगाच?

दुसऱ्या वेळी गॅरेजला ही आली. मला गाडीतच बसवलं होतं. मिस्त्रीने कार्डावर रंग मारला, ते वाळल्यावर ही कार्ड घेऊन रस्त्यावर गेली, गाडीला लावून धरलं, तिरकं केलं, परत केलं. 'निळसर झाक कमी पडतेय.' दुसरं कार्ड परत. तिसरं परत. मिस्त्री वैतागेल असं मला वाटलं, पण चौथ्या कार्डापर्यंत त्या दोघांचं असं जमलं होतं की तो हिला 'ताई' म्हणून चहा विचारत होता आणि मला कुणी पाणीही विचारलं नाही. शेजारच्या पत्र्यावर रंग मिटवून घ्यायचे चार हजारही हिनेच मोजून दिले.

बंपर दोनदा रंगवून, पत्रा धरून, एकूण खर्च शोरूमच्या तेरा हजार आठशेपेक्षा अकराशे रुपये जास्त आला. क्लेम केला असता तर, हे वाक्य आमच्या घरात सध्या पूर्ण करायची पद्धत नाही.

ते चौथं कार्ड हिने पर्समध्ये जपून ठेवलंय. त्या रंगाची साडी हवी आहे. शनिवारी लक्ष्मी रोडला चाललोय, रिक्षाने.