बिनव्याजी सावकार

लहान उद्योगाला कर्ज मिळत नाही, ही ओरड इतकी जुनी आहे की सरकारला ती पाठ झाली आहे. ती कानावर आली की सरकार कर्जाचा आकडा वाढवतं. २०२४ मध्ये मुद्रा कर्जाची मर्यादा, जुनं कर्ज फेडलेल्यांसाठी, १० लाखांवरून २० लाखांवर गेली. पुढच्या वर्षी सूक्ष्म-लघू उद्योगांच्या कर्जहमीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटींवर गेली. बाकं वाजली. पण भोसरीच्या शेडमध्ये दोन सीएनसी मशिन टाकून बसलेला माणूस मुळात कर्ज मागणारा नाहीच. तो कर्ज देणारा आहे. ज्यांचे शेअर बाजारात आहेत, ज्यांच्या गेटवर पाहुण्याच्या बुटांचीसुद्धा तपासणी होते, अशा कंपन्या त्याच्या ऋणको आहेत. व्याज शून्य. तारण शून्य. मुदत? साहेब सांगतील तेव्हा.

विजेचे दर, रस्त्यातले खड्डे, परवान्यांची चळत, टिकत नसलेले ऑपरेटर हे रडगाणं आहेच. कोल्हापूरचे फाउंड्रीवाले विजेच्या दराला वैतागून मधूनमधून कर्नाटकात जाण्याची भाषा करतात, सरकार मधूनमधून त्यांची समजूत काढतं. दोघांनाही आता सवय झाली आहे. पण ज्या दुखण्याने शटर खाली येतं ते निराळं. माल गेलेला असतो, बिल गेलेलं असतं, पैसे तेवढे यायचे असतात.

या सावकाराचा महिना बघा. स्टीलवाला आधी पैसे घेतो, मग गाडी सोडतो. ७ तारखेच्या आत पगार झाले पाहिजेत, कायदाच आहे. १५ तारखेला पीएफ. २० तारखेला जीएसटी. विजेचं बिल थकलं तर १५ दिवसांची नोटीस आणि मग अंधार. मधे कुठेतरी मशिनचा हप्ता. म्हणजे ज्याला ज्याला द्यायचं आहे त्या प्रत्येकाची तारीख ठरलेली, आणि ज्याच्याकडून यायचं आहे तो एकटा तारखांच्या पलीकडे गेलेला.

जीएसटीची गंमत तर खास आहे. लाखाचा माल पाठवला की त्यावरचे १८ हजार बिल फाडल्यावर सरकारजमा करायचे, पैसे आलेले असोत वा नसोत. गिऱ्हाईक मात्र त्याच १८ हजारांची वजावट घेऊन मोकळं होतं. ते म्हणेल, पैसे कधी द्यायचे? जीएसटी कायदा म्हणतो, १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेली वजावट परत करा. सूक्ष्म-लघू उद्योगांचा २००६ चा कायदा म्हणतो, लेखी करार असला तरी ४५ दिवस, नसला तर १५. एकाच सरकारची ही दोन तोंडं. खरेदी विभागाला यातलं कुठलं वाक्य पाठ असतं, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

आणि दिवस मोजायचे कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, असं समजणारा माणूस नवा आहे. माल गेटवर उतरला की तो क्वालिटीत जातो. क्वालिटीचे साहेब ऑडिटमध्ये असतात. मग माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, व्हायचा असतो. मग बिलावर पीओच्या, म्हणजे खरेदी-ऑर्डरच्या, नंबरात एक आकडा चुकल्याचं निघतं, आणि हे कधी निघतं, तर चाळिसाव्या दिवशी. मग ‘पेमेंट रन’ महिन्यातून दोनदाच होतो, कालच झाला. शेवटी पैसे येतात तेव्हा त्यातून तीन नगांची डेबिट नोट वजा असते. ते तीन नग परत मागितले तर स्क्रॅपमध्ये गेलेले असतात.

कायद्याने हे सगळं ओळखलेलं आहे, हेच तर दुःख. माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं धरायचं, असं २००६ च्या कायद्यात स्पष्ट आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पठाणी म्हणावं असं. याच कायद्याने नेमलेल्या परिषदेकडे तक्रार केली की ९० दिवसांत निकाल, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर कंपनीने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. २०१७ मध्ये तक्रार घरबसल्या करायला ‘समाधान’ नावाचं पोर्टलही आलं. एवढं धारदार हत्यार हातात असून आपला सावकार ते म्यानातून का काढत नाही?

कारण तक्रार केल्यावर पैसे येतील, पण पुढची पीओ येणार नाही. कुणी धमकी देत नाही हो. साहेब सभ्य असतात. ‘मालक, तुमचं रेटिंग जरा खाली आलंय,’ एवढंच म्हणतात. ज्याचा सत्तर टक्के धंदा एका गिऱ्हाइकावर आहे त्याला एवढं वाक्य पुरतं. म्हणून तक्रार करतो कोण, तर ज्याचं ते गिऱ्हाईक सुटलेलं आहे तो. म्हणजे समाधान मिळतं ते घटस्फोटानंतर.

सरकारने मग आयकराचा चिमटा काढून पाहिला. २०२३ च्या अर्थसंकल्पात तरतूद आली, १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली: सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, प्रत्यक्ष द्याल तेव्हा धरा. लोकांनी तिला ४३बी (एच) या नावाने ओळखायला सुरुवात केली, आणि कापडबाजारात तर या नावाने घाम फुटला. चिमटा बसला खरा. पण ओरडला कोण? तरतूद मध्यम उद्योगांना लागू नाही, सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी नसलेल्यांना लागू नाही. झालं! काही खरेदीदारांनी मध्यम पुरवठादार शोधायला घेतले, काहींनी लहानांना सुचवलं की ती ‘उद्यम’ची नोंदणी तेवढी काढून टाका, म्हणजे तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही. संरक्षण हवं असेल तर ऑर्डर सोडा, ऑर्डर हवी असेल तर संरक्षण सोडा. निवड अर्थातच मुक्त.

दुसरी युक्ती ट्रेड्सची. लहानाचं बिल या मंचावर चढवायचं, मोठ्याने मान्य करायचं, बँकेने बोली लावून लगेच पैसे द्यायचे आणि मुदतीला मोठ्याकडून वसूल करायचे. कल्पना झकास आहे, हे तिरकस सदरातही कबूल करावं लागतं. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी! बिल मान्य करणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. व्यायामशाळेची वर्षाची फी भरणारे आपल्याकडे कधीच कमी नव्हते.

आणि कंपनी बुडालीच तर? दिवाळखोरी कायद्याने पूर्वी १ लाख थकले तरी दार ठोठावता येत होतं. मार्च २०२० मध्ये ती पायरी १ कोटीवर नेली, कारण कोविडच्या काळात लहान उद्योगांना दिवाळखोरीत ओढलं जाऊ नये. हेतू उत्तम. ज्याचे ४० लाख अडकले आहेत त्या लहानाला मात्र आता एकट्याच्या जोरावर त्या दारापर्यंत पोचताच येत नाही. त्याचं रक्षण त्याच्यापासूनच झालं.

मग वर्षातून एकदा व्हेंडर मीट होतो. तारांकित हॉटेल, पनीर टिक्का, मंचावर ‘तुम्ही पुरवठादार नाही, आमचे पार्टनर आहात’ हे भाषण. पार्टनरने यंदा दर चार टक्के उतरवावेत, अशी अपेक्षा जेवणाआधीच्या स्लाइडवर असते. आपल्या सावकाराला ‘उत्कृष्ट पुरवठादार’ म्हणून काचेची जड ट्रॉफी मिळते. फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी तो बँकेत जातो, कॅश क्रेडिटची, म्हणजे सीसी, लिमिट वाढवून मागायला. मॅनेजर येणेकऱ्यांची यादी बघतो आणि लाल पेनाने निम्मी नावं खोडतो: ९० दिवसांच्या वरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे उचलता येणाऱ्या रकमेच्या हिशेबात, धरता येत नाहीत. खोडलेल्यांत पहिलं नाव ट्रॉफीवाल्या कंपनीचं.

‘मग ट्रॉफी स्टॉकमध्ये दाखवली तर?’ मालक विचारतो.

मॅनेजर म्हणतो, ‘बिल आणा.’